दाराचा रंग सांग

"दाराचा रंग सांग."

भरलेला फॉर्म हातात पडला की ताईंचं पहिलं वाक्य हेच. मे महिन्याच्या उन्हातून चालत आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावं हे त्यांना माहीत होतं, पण पाण्याचा नंबर दाराच्या रंगानंतर. रंग सांगितला की पुढचं यायचं, "बेल कशी वाजली?" मग, "चप्पल काढायला लावली का?" मग, "फ्रिज कुठे होता, किचनमध्ये की बैठकीत?" यातलं काहीही फॉर्मवर विचारलेलं नसायचं. फॉर्म होता कपडे धुण्याच्या पावडरीचा.

तुमच्यापैकी कुणी त्या काळात दिल्लीच्या आसपासच्या नव्या वस्त्यांत राहिलं असेल, तर तुम्हाला आठवेल. भर दुपारी घामाघूम झालेला एखादा कॉलेजचा पोरगा दारात उभा राहून म्हणायचा, "आंटीजी, बस पंद्रह मिनट." तो मी होतो, नाही तर माझ्यासारखाच कुणीतरी. आणि पंधरा मिनिटं ही आमची पहिली थाप असायची. त्या फॉर्मला चांगला अर्धा तास लागायचा.

परदेशी कंपन्या देशात नुकत्याच यायला लागल्या होत्या आणि त्यांना एकच चिंता लागलेली दिसायची, की इथले लोक कपडे कशाने धुतात. ते शोधून काढायचं काम बाजार-पाहणीच्या कंपन्यांकडे, तिथून ते ताईंकडे, आणि ताईंकडून आमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या पायांवर यायचं. मी या कामाला कसा लागलो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी अकोल्याहून दिल्लीला इतिहासात एम.ए. करायला आलो होतो. विद्यापीठाचं हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून मुनिरकात एका पाटण्याच्या मुलाबरोबर खोली घेऊन राहिलो. वडिलांचं अकोल्याला वह्या-पुस्तकांचं दुकान. मी दिल्लीला गेलेलं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी स्टेशनवर सांगून टाकलं होतं, "एक वर्ष बघतो. तिथे स्वतःचं स्वतः भागवलंस तर रहा. नाही तर परत यायचं आणि दुकानात बसायचं." वडील बोलले की तसंच करायचे. म्हणजे माझं एम.ए. आता माझ्या अभ्यासावर नव्हतं, मला एखादं अर्धवेळ काम मिळतंय की नाही यावर होतं.

मी शिकवण्या शोधल्या. दिल्लीतल्या आयांना गणिताचा मास्तर हवा होता, इतिहासाचं नाव काढलं की त्या गोड हसून दार लावून घ्यायच्या. एका प्रदर्शनात चार दिवस साबणाच्या वडीचा पोशाख घालून उभा राहिलो. त्या पोशाखातून मला बाहेरचं दिसत नसे, त्यामुळे पाचव्या दिवशी मी एका मंत्र्याच्या स्वीय सहायकाला धडकलो आणि ते काम सुटलं. शेवटी पाटण्याचा मित्र म्हणाला, "यार, नोएडा में एक मैडम हैं. बस चलना पड़ता है." चालणं मला येत होतं.

नोएडा तेव्हा अर्धं बांधून झालेलं होतं. दोन बस बदलून, यमुनेचा पूल ओलांडून मी सांगितलेल्या सेक्टरमध्ये पोचलो. पाण्याची उंच टाकी होती, तिच्या सावलीत सिमेंटच्या कट्ट्यावर एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी असते, ती. त्यांनी माझं नाव विचारलं, ऐकलं आणि मराठीत म्हणाल्या, "महाराष्ट्रातला का? अच्छा."

मला बरं वाटलं. मी विचारलं, "मग मी तुम्हाला बाई म्हणू का?"

"बिल्कुल नको. इथे मला कुणी बाई म्हटलेलं ऐकलं, तर लोक उद्या भांडी घासायला बोलावतील. ताई म्हण."

ताई करोलबागेत वाढलेल्या. त्यांचे आजोबा सरकारी नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे ताईंचं मराठी घरातलं, खणखणीत, पण मधूनच त्याला भोकं पडलेली. "पायदान होतं का दारात?" असं त्या एकदा म्हणाल्या. मी म्हटलं, "पायपुसणं होतं." त्या थांबल्या. "परत म्हण." मी परत म्हटलं. "पायपुसणं. आमची आजी म्हणायची बघ," असं म्हणून त्या इतक्या खूश झाल्या, की त्या दिवशी माझे दोन फॉर्म जास्त न तपासताच पास झाले. पुढे मी मुद्दाम अकोल्याचे शब्द पेरायला लागलो. तीन-चार दिवसांत त्यांच्या ते लक्षात आलं आणि ही सवलत बंद झाली.

काम करायची पद्धत ठरलेली होती. कंपनी एक सुरुवातीची जागा देई, म्हणजे एखादं देऊळ किंवा दुधाचा बूथ. तिथून निघायचं, उजवा हात भिंतीला लागेल असं चालत राहायचं आणि दर पाचव्या घराची बेल वाजवायची. घर आवडलं म्हणून आत जायचं नाही आणि कुत्रा दिसला म्हणून टाळायचं नाही. प्रत्येक फॉर्मवर छापील नंबर असे. फाटला, हरवला, कोरा राहिला, तरी तो परत आणून द्यावा लागे.

फॉर्मचा पहिला प्रश्न पावडरीचा नव्हताच. तो होता, 'आपल्या घरातलं कुणी बाजार-पाहणी, जाहिरात किंवा वर्तमानपत्राच्या कामात आहे का?' होय म्हणाले, तर धन्यवाद म्हणायचं आणि उठायचं. अशा घरातली माणसं आतल्या गोटातली, त्यांची उत्तरं धरायची नाहीत. एकदा एक सरदारजी म्हणाले, "हाँ, मेरा भांजा अख़बार डालता है." मी नियमाप्रमाणे धन्यवाद म्हणून उठलो. ताईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की अंबाड्यातली पेन्सिल खाली पडली.

आणि सगळ्यांत मोठा नियम ताईंचा स्वतःचा. "उत्तर बदलायचं नाही. समोरचा धडधडीत खोटं बोलला तरी ते खोटं नीट लिहायचं. खोटं बोलायचा हक्क त्याचा आहे. आपला नाही." लाल टोकाने त्या चुका दाखवायच्या, निळ्याने फॉर्म पास करायच्या, पण त्या पेन्सिलीने त्यांनी कुणाच्या उत्तराला कधी हात लावला नाही.

आता म्हशीचं सांगायलाच हवं. मला ते सांगायची अजून लाज वाटते, पण ते गाळलं तर पुढचं काहीच कळणार नाही.

कामाचा दुसराच आठवडा होता. ऊन असं, की डांबराला चपला चिकटत होत्या. सहा फॉर्म भरून झाले, सातव्याचं त्राण उरलं नाही. मी एका चहाच्या टपरीवर बसलो आणि सातवा फॉर्म मनानेच भरून टाकला. रांगेतला पुढचा घरनंबर घातला. एक छान कुटुंब तयार केलं, नवरा बँकेत, दोन मुलं, एक धुलाई यंत्र. उत्तरं एकमेकांना अशी जुळवली की मलाच माझं कौतुक वाटलं.

ताईंनी फॉर्म वाचला. "दाराचा रंग?"

"हिरवा."

"बेल?"

"चिमणीसारखी."

"चलो," म्हणून त्या उठल्या. मला वाटलं पुढच्या कामाला निघालो. त्या मला घेऊन चालत चालत त्या गल्लीत गेल्या आणि त्या नंबरासमोर उभ्या राहिल्या. तिथे घर नव्हतं. रिकामा प्लॉट होता, चार विटा रचलेल्या होत्या, आणि प्लॉटमध्ये शेजारच्या गावातल्या कुणाची तरी एक म्हैस बांधलेली होती. नव्या वस्तीत नंबर आधी पडतात आणि घरं नंतर येतात, हे मला अकोल्याच्या माणसाला कुठून माहीत असणार!

"विचार," ताई म्हणाल्या.

"काय?"

"प्रश्न दुसरा. घरात कपडे कोण धुतं, विचार हिला."

मी मान खाली घातली. ताईंनी फॉर्मवर लाल काट मारली, माझ्यापुढे धरली आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "मला दाराशी जायच्या आधीच कळलं होतं. तुझ्या या घरात सगळं एकमेकांशी जुळतंय. खऱ्या घरात तसं कधी जुळतं का रे? यंत्र असतं आणि बाई तरी वडी घासत बसलेली असते. कुठेतरी गाठ असते. ती गाठ बघायला आपण जातो." मग म्हणाल्या, "आणखी एक असा फॉर्म आला, तर टाकीखाली यायचं नाही."

मला वडील दिसले आणि दुकान दिसलं. त्या दिवसानंतर मी एकही दार टाळलं नाही, आणि प्रत्येक दाराचा रंग बघून घेतला. हळूहळू मला त्याची गोडीच लागली. नवा टीव्ही भरतकामाच्या झाकणाखाली, मिक्सर शोकेसमध्ये, सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच. एक आजोबा फोन आला तरी उचलत नसत, फक्त वाजू देत, कारण शेजाऱ्यांकडे फोन नव्हता आणि त्यांना तो ऐकू जायला हवा होता. असं काही सापडलं की मला ते कधी एकदा ताईंना सांगेन असं होई. त्या पदराने कपाळ पुसत ऐकायच्या आणि विचारायच्या, "मग? मग ते काय म्हणाले?" एवढं मन लावून माझं बोलणं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या प्राध्यापकांनीही नाही.

स्वतःबद्दल मात्र ताई चकार शब्द काढत नसत. एकदा मी विचारलं, "ताई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी प्रश्न विचारते," त्या म्हणाल्या. "उत्तरं देत नाही."

त्या राहतात कुठे, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. साडेचारला त्या उठायच्या, साडी झटकायच्या आणि बसस्टॉपच्या उलट दिशेला चालायला लागायच्या. कुणी म्हणे नवरा परदेशात आहे, कुणी म्हणे नाहीच. पाटण्याच्या मित्राचं मत होतं, की मॅडम टाकीतच राहतात.

पावसाळा संपल्यावर एक दिवस टाकीखाली ताई नव्हत्या. कंपनीने सगळ्या सुपरवायझरांना दिल्लीच्या ऑफिसात प्रशिक्षणाला बोलावलं होतं. त्यांच्या जागी टाय लावलेला एक तरुण साहेब आला आणि त्याने भाग वाटून दिले. माझ्या वाट्याला जवळचाच एक सेक्टर आला. तिथे आधी आम्हाला कधी पाठवलं नव्हतं, तो भाग ताई स्वतःकडे ठेवत. मी दुधाच्या बूथपासून निघालो, उजवा हात भिंतीला, दर पाचवं घर.

तिसरं दार मला लगेच आवडलं, कारण तसं दार मी पाहिलं नव्हतं. खालचा अर्धा भाग ताज्या निळ्या रंगाचा, वरचा अर्धा जुना तपकिरी. मधे ब्रशाची वाकडी रेघ. बेल बंद होती, म्हणून कडी वाजवली. दार उघडलं ते पंचावन्न-छप्पन्नच्या एका गृहस्थांनी. कडक इस्त्रीचा शर्ट, घरातल्या घरात पॉलिश केलेले बूट, आणि अंगठ्याला निळा डाग. मी हिंदीत सुरुवात केली. पाटीवरचं आडनाव मराठी दिसलं म्हणून मराठीत विचारलं, तर त्यांनी माझा हातच धरला. "अरे वा! या, या. बसा. आज सुट्टी आहे म्हणून सापडलो तुम्हाला. नाही तर मी कुठला घरी!"

मी पहिला प्रश्न विचारला. घरातलं कुणी बाजार-पाहणीच्या कामात?

"छे, छे. आमच्याकडे असलं कुणी नाही."

कमावतं कोण? "मी. गाझियाबादला कारखान्यात आहे. असिस्टंट मॅनेजर." पत्नी? "ती घरीच असते. आत्ता देवळात गेली आहे. तिला जरा फिरायची आवड आहे."

मी लिहीत गेलो. मग पावडरीचे प्रश्न आले, आणि एरवी पुरुष ज्या प्रश्नांना हात वर करून "बायकोला विचारा" म्हणतात, त्यांची या गृहस्थांना सगळी उत्तरं येत होती. पुडा किती दिवस जातो, कॉलरचा मळ कशाने निघतो, आणि रंगीत कपडे वेगळे का भिजवायचे. कारखान्यातल्या यंत्राबद्दल बोलावं तसं ते सांगत होते, अगदी रंगात येऊन. मला म्हशीसमोरचं बोलणं आठवलं. ही ती गाठ होती.

ते चहा करायला आत गेले. मी इकडे तिकडे बघितलं, तशी आता सवयच लागली होती. फ्रिज बैठकीत होता. फ्रिजवर एक पेला, आणि त्यात लाल-निळ्या पेन्सिलींची झिजलेली थोटकं. वर भिंतीवर फोटो. कुठल्या तरी बागेत हे गृहस्थ उभे, आणि शेजारी ताई. अंबाड्यात पेन्सिल तशीच.

पाटीवरचं आडनाव ताईंचं नव्हतं. त्या कामात माहेरचं नाव लावत, हे मला मागाहून कळलं.

हा फॉर्म मला उद्या ताईंच्या हातात द्यायचा होता. त्यात त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून लिहिलेलं होतं, की असं काम करणारं घरात कुणी नाही आणि बायको देवळात असते. फॉर्म फाडावा, तर त्याच्यावर नंबर छापलेला. घर गाळलं म्हणावं, तर नियम मोडला. पहिल्या प्रश्नाचं 'नाही' खोडून मीच 'होय' केलं असतं तर फॉर्म आपोआप बाद झाला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पण उत्तर बदलायचा हक्क माझा नव्हता. आणि आणखी एक खोटा फॉर्म म्हणजे टाकीखालची जागा गेली.

चहात आलं घातलेलं होतं. गृहस्थ तासभर बोलले, कारखान्यातल्या एका जुन्या यंत्राबद्दल, ते त्यांच्याशिवाय कुणालाच कसं चालू करता येत नसे त्याबद्दल. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आले. "पुन्हा कधी येणार? अजून काही विचारायचं असेल तर या. मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी टाकीखाली मी तो फॉर्म गठ्ठ्याच्या अगदी खाली घालून दिला. जसं काही ताई खालपर्यंत जाणारच नव्हत्या. निळं टोक एकेक फॉर्म पास करत खाली आलं आणि शेवटच्या फॉर्मवर थांबलं. पत्ता त्यांनी पहिल्याच ओळीत वाचला असणार. तरीही त्यांनी सगळी पानं वाचली, एकेक उत्तर, सावकाश.

मग वर न बघता त्यांनी नेहमीचंच विचारलं, "दाराचा रंग?"

"अर्धा निळा आहे, ताई. वरचा अजून तपकिरी."

"बेल?"

"बंद आहे. कडी वाजवली."

"चहा दिला?"

"दिला. आलं घालून."

"किती वेळ बसलास?"

"तासभर."

"एवढा? फॉर्म तर अर्ध्या तासाचा आहे."

"ते बोलत होते. यंत्राबद्दल."

ताईंनी फॉर्म मिटला. मग त्यांनी जे विचारलं, ते दुसऱ्या कुठल्याही घराबद्दल विचारावं तसंच विचारलं, पण या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कसे वाटले?"

मी खरं ते सांगितलं. "खूश होते. पुन्हा कधी येणार, विचारत होते."

"तीन वर्षं झाली कारखाना बंद होऊन," ताई म्हणाल्या. "मी हे काम करते ते लोकांना कळलेलं त्यांना नाही चालत. मी पण म्हटलं, ठीक आहे, नाही सांगत." एवढंच बोलून त्यांनी फॉर्मचं पहिलं पान परत उघडलं, पेन्सिल उलटी केली, आणि पहिल्या प्रश्नाच्या 'नाही'वर लाल रेघ ओढून 'होय'वर खूण केली. समासात स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'पत्नी. सुपरवायझर.' खाली सही केली आणि वर लिहिलं, 'बाद.'

त्यांना उत्तर बदलताना मी तेव्हाच काय ते पाहिलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतकं वाईट वाटलं, की मी टाकीच्या खांबाकडे बघत राहिलो.

"चूक तुझी नाही," त्या म्हणाल्या. "जे बोलले तेच तू लिहिलंस. उद्या नेहमीसारखा ये." आणि त्यांनी मला कोरा फॉर्म दिला.

त्यानंतर महिन्याभराने त्या मला म्हणाल्या, "त्या घराची फेरतपासणी करायला हवी." फेरतपासणी म्हणजे फॉर्म खरा आहे का ते बघायला पुन्हा त्याच घरी जाणं. बाद झालेल्या फॉर्मची फेरतपासणी नसते, हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे ताईंना माहीत होतं. मी म्हटलं, "जातो." त्यांनी मला एक जुना, नंबर नसलेला फॉर्म दिला.

मी दर महिन्याला जात राहिलो. गृहस्थ वाटच बघत असायचे. मी पहिला प्रश्न विचारायचो, ते "छे, छे" म्हणायचे, आणि मग चहा व्हायचा. परत आलो की ताईंना सगळं हवं असायचं. शर्ट कुठला होता? हसले का? दाराचं काम पुढे सरकलं का? त्यांच्याच घराच्या बातम्या मी त्यांना टाकीखाली आणून देत होतो, आणि त्या इतर घरांइतक्याच उत्सुकतेने ऐकत होत्या. तिसऱ्या वेळी 'कारखान्यात आहे'चं 'कारखान्यात होतो' झालं. मी तसंच लिहिलं. ताईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

दरम्यान माझं वर्ष भरलं. वडिलांचं पत्र आलं, त्यात दुकानाबद्दल एक अक्षर नव्हतं, तब्येतीला जप एवढंच होतं. मी एम.ए. पुरं केलं. पुढे कंपनीने फोनवरून प्रश्न विचारायला सुरुवात केली, चालणारी माणसं कमी केली, आणि टाकीखालचा कट्टा रिकामा झाला. मी नंतर दोनदा तिथे गेलो. त्या घरी दुसरी माणसं राहत होती आणि आधीची कुठे गेली ते त्यांना सांगता आलं नाही. ताईंचं पुढे काय झालं, ते दोघं कुठे आहेत, मला माहीत नाही. प्रश्न विचारायला शिकवलेल्या माणसाकडे एवढं एक उत्तर नसावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण ताई म्हटलं की मला कट्टा रिकामा आठवत नाही. शेवटच्या फेरतपासणीची दुपार आठवते. मी त्या घरून जवळजवळ पळतच टाकीपाशी आलो होतो.

"दाराचा रंग?"

"निळा. वरपासून खालपर्यंत. बेलही वाजते."

"आणि?"

"पहिल्या प्रश्नाला होय म्हणाले."

ताईंनी फॉर्म घेतला नाही. "शब्द सांग. जसेच्या तसे."

"'हो,' म्हणाले. 'आमची मंडळी आहे त्या कामात. सुपरवायझर आहे. तीन वर्षं झाली. फार हिंडावं लागतं तिला.'"

"मग तू काय केलंस?"

"नियमाप्रमाणे धन्यवाद म्हणून उठलो."

"चहा?"

"चहा घेऊन उठलो."

ताई हसल्या. अंबाड्यातून पेन्सिल काढली, निळ्या टोकाने त्या बिननंबरी फॉर्मवर बरोबरची खूण केली. मग मनगटावरच्या घड्याळात बघितलं. तीन वाजले होते. साडेचारच्या आधी त्या कधी घरी निघाल्या नव्हत्या.

"बाकीचे फॉर्म उद्या बघू," असं म्हणून त्या उठल्या आणि साडीही न झटकता घराच्या दिशेने चालायला लागल्या. पेन्सिल अंबाड्यात खोचायची राहूनच गेली होती. सुटलेले केस एका हाताने सावरत, दुसऱ्या हातात ती पेन्सिल घट्ट धरून, त्या पांढऱ्या बुटांनी भराभर चालत होत्या.